हातावर पोट आहे आणि काम बंद पडलंय? पैसे कुठून येऊ शकतात, कागद कोणते लागतात

कारखान्यात ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड असलेला माणूस आजारी पडला, तर त्याला वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. दर महिन्याला पगारातून कपात होत असते, म्हणून ती सोय. वायरमन, प्लंबर, शिंपी, पार्लर चालवणारी, टपरीवाला, रिक्षावाला, क्लास घेणारी बाई यांना ही सोय नाही. यांचं काम बंद झालं त्या दिवसापासून कमाई बंद.

माझे मिस्टर वायरमन आहेत. आम्ही बार्शीकडचे. एका नव्या घराचं फिटिंग चालू असताना शिडी सरकली, नडगीचं हाड मोडलं आणि आत रॉड टाकावा लागला. ते खाटेवर पडून होते, म्हणून कागदांमागे मी धावले. त्या काळात ज्याला विचारावं तो वेगळ्याच योजनेचं नाव सांगायचा आणि प्रत्येक ठिकाणी कागदांची यादी नवी. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर निदान कुठल्या दारात काय मागायचं हे आधी माहीत असावं, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. माहिती महाराष्ट्रापुरती आहे.

१. आधी ठरवा: तुम्हाला कोणता पैसा हवा आहे?

सगळी गडबड इथेच होते. माणूस पडला की घरची गरज एकच दिसते, पैसा. पण तो देणारी ठिकाणं वेगळी आहेत आणि एकाचं काम दुसरा करत नाही.

दवाखान्याचं बिल ही एक गोष्ट. घरी बसल्यामुळे बुडालेली कमाई ही दुसरी. हात, पाय किंवा डोळा कायमचा गेला तर त्याची भरपाई तिसरी. कर्जाचे हप्ते थोपवणं चौथी.

सरकारी योजना बहुतेक पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीसाठी आहेत. दुसऱ्या गोष्टीसाठी, म्हणजे तीन-चार महिने घरी बसून पुन्हा कामाला लागणाऱ्या माणसासाठी, सरकारकडून जवळजवळ काहीच नाही. ते पैसे अपघात विम्यातल्या एका विशिष्ट कलमातून येतात. ते कलम आपल्या पॉलिसीत असेल तरच. त्याबद्दल चौथ्या पायरीत सविस्तर लिहिलं आहे.

दोन गैरसमज इथेच काढून टाकते, कारण त्यांच्यापायी लोकांचे दिवस जातात.

पहिला, बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात तो विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चांगली आहे, १८ ते ७० वयाच्या प्रत्येकानं घ्यावी. पण ती अपघाती मृत्यूला २ लाख, दोन्ही डोळे किंवा दोन हात-पाय कायमचे निकामी झाले तर २ लाख आणि एक डोळा किंवा एक हात वा पाय कायमचा गेला तर १ लाख देते. हाड मोडून चार महिने घरी बसलात तर काही देत नाही. मोडलेल्या पायासाठी या योजनेचा फॉर्म भरू नका.

दुसरा, ई-श्रम कार्ड. ते असंघटित कामगार म्हणून तुमची नोंद आहे. ती जरूर करून ठेवा, पण आजारपणात त्या कार्डावर दरमहा पैसे येत नाहीत. येतात असं सांगून कोणी फॉर्म भरायचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

२. पहिल्या आठवड्यातच हे कागद नीट करून घ्या

पुढचा प्रत्येक दावा या आठवड्यात तयार झालेल्या कागदांवर उभा राहतो. घरातल्या एकानं पेशंटजवळ बसावं आणि दुसऱ्यानं हे काम अंगावर घ्यावं.

केसपेपर वाचा. भरती करताना घाईत जे सांगितलं जातं तेच तिथे उतरतं. कुठे पडले, कशावरून पडले, किती वाजता, हे तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं आहे का ते पाहा. अक्षर लागत नसेल तर सिस्टरांना वाचून दाखवायला सांगा. तारीख चुकली, डाव्या पायाऐवजी उजवा लिहिला गेला, तर दवाखान्यात असतानाच दुरुस्त होतं. सहा आठवड्यांनी नाही. दारू प्यालेल्या अवस्थेत झालेल्या अपघाताला विमा कंपन्या पैसे देत नाहीत, त्यामुळे याबाबतीत चुकीची नोंद झाली असेल तर तिथल्या तिथे डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या.

अपघात असेल तर एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे दवाखान्यानं अपघाताची पोलिसांसाठी केलेली नोंद) नोंद झाली का विचारा आणि तिचा नंबर लिहून घ्या. रस्त्यावरचा अपघात नसेल तर पोलिसांत एफआयआर बहुधा होत नाही. अशा वेळी एमएलसी हाच अपघात झाल्याचा सगळ्यात जवळचा पुरावा ठरतो.

डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर दवाखान्याच्या दारातून बाहेर पडण्याआधी वाचा. आमच्या कार्डावर कोणतं हाड मोडलं, रॉड कधी टाकला, गोळ्या कोणत्या, टाके कधी काढायचे, सगळं होतं. हाड कशामुळे मोडलं तेवढं नव्हतं. विमा कंपनीनं नेमकं तेच विचारलं. परत जाऊन डॉक्टरांकडून ‘काम करताना शिडीवरून पडून दुखापत’ अशी एक ओळ वाढवून घेतली. त्या ओळीशेजारी डॉक्टरांची सही, शिक्का आणि तारीख लागते. नुसती ओळ वाढवलेली दिसली तर तीच नवीन शंका होते.

एक फाईल करा. आमच्या फाईलमध्ये जे होतं आणि जे प्रत्येक ठिकाणी मागितलं गेलं ते असं:

– आधार, पॅन, रेशनकार्ड (रेशनकार्डावर पेशंटचं नाव आहे ना, ते पाहा)
– बँक पासबुकचं पहिलं पान आणि एक रद्द केलेला चेक
– केसपेपर, एमएलसी नंबर, डिस्चार्ज कार्ड
– एक्स-रेच्या फिल्म आणि रिपोर्ट, ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे दोन्ही. फिल्मवर नाव आणि तारीख हवी
– औषधांच्या मूळ पावत्या आणि त्या औषधांच्या चिठ्ठ्या, जोडीनं
– नंतरच्या प्रत्येक तपासणीचा ओपीडी कागद
– तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
– धंद्याचा पुरावा: उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद), वायरमनचा परवाना, दुकानाचा परवाना, जे असेल ते

आधारवर एक नाव, बँकेत दुसरं आणि दवाखान्यात तिसरं असं असेल तर तेही आताच सरळ करा. आमच्याकडे वडिलांचं नाव मध्ये कुठे होतं, कुठे नव्हतं, आणि त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. मूळ कागद कुठेही देण्याआधी त्याचा मोबाईलवर स्वच्छ फोटो काढा आणि झेरॉक्सवर पोच घ्या.

३. दवाखान्याचं बिल: भरण्याआधी विचारायच्या तीन गोष्टी

पहिली, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती आता आयुष्मान भारतसोबत चालते आणि रेशनकार्डाचा रंग कोणताही असला तरी राज्यातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. पांढरं कार्ड आहे म्हणून आपण बसत नाही, हे आता खरं नाही. दवाखाना योजनेच्या यादीत असला पाहिजे आणि तो उपचारही यादीत असला पाहिजे. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. यादीतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला भेटा. फोन करायचा तर १५५३८८ किंवा १४५५५.

इथला मोठा सापळा असा: ही योजना कॅशलेस आहे. बिल भरून नंतर पैसे परत मागायला गेलात तर ते मिळत नाहीत. पेशंट तातडीचा असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून देता येतात. म्हणून ‘रेशनकार्ड गावाला आहे, तोपर्यंत पैसे भरतो’ असं करू नका.

दुसरी, धर्मादाय रुग्णालय. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना कायद्यानं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. नाव पंचतारांकित वाटलं तरी विचारायला लाजू नका. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा असतो. खाट शिल्लक नाही असं तोंडी सांगितलं तर ते लिहून मागा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार करा.

तिसरी, मुख्यमंत्री सहाय्यता निधी. यादीत बसणाऱ्या गंभीर आजारांसाठी आणि मोठ्या शस्त्रक्रियांसाठी इथून मदत मिळते. उत्पन्नाचा दाखला, दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि अपघात असेल तर एमएलसी किंवा एफआयआर लागतो. पैसे थेट दवाखान्याच्या खात्यावर जातात आणि उपचार संपल्यावर झालेला खर्च भरून मिळत नाही. त्यामुळे पेशंट भरती असतानाच अर्ज करा.

४. बुडालेली कमाई: अपघात विम्यातलं ‘तात्पुरतं पूर्ण अपंगत्व’

घरात जी काही विमा पॉलिसी असेल ती काढा. एलआयसीची असो, बँकेनं कर्जासोबत माथी मारलेली असो, गाडीची असो, पोस्टाच्या बँकेतली अपघात पॉलिसी असो. त्यात ‘टेम्पररी टोटल डिसेबलमेंट’, टीटीडी किंवा ‘वीकली बेनिफिट’ हे शब्द शोधा. सापडले तर तुमच्या बुडालेल्या कमाईचा रस्ता तिथे आहे. सापडले नाहीत तर एजंट काहीही म्हणो, हाड मोडून घरी बसण्याचे पैसे त्या पॉलिसीतून येणार नाहीत.

या कलमाचा अर्थ सरळ आहे. अपघातामुळे तुम्ही काही काळ कोणतंही काम करू शकत नसाल, तर जेवढे आठवडे तसे राहाल तेवढे आठवडे ठरलेली रक्कम. बऱ्याच पॉलिसींत ती विम्याच्या रकमेच्या १ टक्का असते, पण वर आठवड्याला कमाल इतकी अशी मर्यादा असते. सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी म्हणून २०२१ मध्ये आलेली ‘सरल सुरक्षा विमा’ पॉलिसी आहे. तिच्यात हे कलम जास्तीचा हप्ता भरून निवडावं लागतं. त्यात आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के मिळतात, जास्तीत जास्त १०० आठवडे. म्हणजे १० लाखांच्या विम्यावर आठवड्याला २ हजार, २० लाखांवर ४ हजार. घर चालायला ते पुरत नाही, पण किराणा आणि मुलांची फी यातून निघते.

दावा करायच्या पायऱ्या:

क. कंपनीला लगेच कळवा. टोल-फ्री नंबरवर फोन करा आणि ईमेलही करा. फोनवर मिळालेला नोंद क्रमांक फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही. उशीर झालाच असेल तरी सोडून देऊ नका. टाळता न येणाऱ्या कारणानं उशीर झाला असेल तर केवळ त्या कारणावरून खरा दावा फेटाळू नये, असं विमा नियामकानं २०११ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे. उशिराचं कारण लिहून द्या, भरतीचे कागद जोडा.

ख. डॉक्टरांचं सर्टिफिकेट अचूक घ्या. या दाव्यात सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. त्यात पाच गोष्टी हव्यात: दुखापत काय आहे, ती कशामुळे झाली, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पेशंट कोणतंही काम करण्यास पूर्ण असमर्थ आहे, पुढची तपासणी कधी आहे, आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. ‘विश्रांतीचा सल्ला’ एवढंच लिहिलेलं चालत नाही. विश्रांती सर्दीतही सांगतात.

ग. तारखांत खंड पडू देऊ नका. पहिलं सर्टिफिकेट १५ तारखेला संपलं आणि दुसरं २२ पासून सुरू झालं, तर मधला आठवडा कंपनी धरत नाही. पाय प्लास्टरमध्ये होता हे सगळ्यांना दिसत असलं तरी. प्रत्येक तपासणीला मागचं सर्टिफिकेट सोबत न्या आणि डॉक्टरांना आधीच्या शेवटच्या तारखेच्या पुढच्या दिवसापासून लिहायला सांगा. आमच्या डॉक्टरांच्या ओपीडीत खूप गर्दी असायची, म्हणून मी तारखा एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून केसपेपरला टाचून द्यायचे. त्यांनाही ते सोयीचं पडलं.

घ. ‘हलकं काम’ या शब्दांकडे लक्ष द्या. कलम ‘पूर्ण’ असमर्थतेचं आहे. डॉक्टरांनी ‘बसून हलकं काम करू शकतात’ असं लिहिलं की कंपनी त्या तारखेपासून पैसे थांबवू शकते. पेशंट खरोखर बसून काम करू शकत असेल तर तसंच लिहिलं जावं. पण वॉकरशिवाय संडासला जाता येत नसताना डॉक्टरांनी सवयीनं ते शब्द टाकले असतील, तर खरी अवस्था सांगा आणि बदलून घ्या.

च. या काळात काम करू नका, आणि केलं तर लपवू नका. कंपनीचा तपासनीस घरी येतो, शेजाऱ्यांना आणि गिऱ्हाइकांनाही विचारतो. ओळखीच्या माणसाचा फ्यूज बदलायला लंगडत गेलेलं कोणी पाहिलं तर सगळा दावा संशयात येतो.

छ. पुन्हा कामावर जाण्याआधी फिटनेस सर्टिफिकेट घ्या. अपंगत्वाचा काळ कुठे संपला हे त्यावरून ठरतं. ते नसेल तर फाईल ‘कागद अपूर्ण’ म्हणून पडून राहते.

आता पॉलिसीमधल्या सगळ्यात मोठ्या सापळ्याबद्दल. फॉर्मवर तुमचा धंदा काय लिहिला आहे ते पाहा. अपघात विम्यात कामाच्या धोक्यानुसार वर्ग असतात. ऑफिसातल्या माणसाचा हप्ता कमी, हातानं काम करणाऱ्याचा जास्त, उच्च दाबाच्या विजेवर किंवा खाणीत काम करणाऱ्याचा त्याहून जास्त. हप्ता कमी दिसावा म्हणून काही एजंट वायरमनला ‘इलेक्ट्रिकल दुकान’ आणि सुताराला ‘फर्निचर व्यवसाय’ असं लिहून टाकतात. दावा आला की कंपनी म्हणते, तुम्ही खरा धंदा लपवला. पॉलिसी अजून चालू आहे आणि काही झालेलं नाही, तर आजच लेखी अर्ज देऊन दुरुस्त करा. थोडा हप्ता वाढेल, वाढू द्या.

५. पगाराची चिठ्ठी नसलेल्या माणसाची कमाई कशी दाखवायची?

साप्ताहिक रक्कम अनेक पॉलिसींत तुमच्या उत्पन्नाशी बांधलेली असते. मोटार अपघात न्यायाधिकरणातही बुडालेली कमाई उत्पन्नावरून मोजतात. आणि रोख धंदा करणाऱ्यांकडे उत्पन्नाचा कागदच नसतो.

सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे आयकर विवरणपत्र. कर लागत नसला तरी भरा. छोट्या धंद्याला हिशेबाच्या वह्या न ठेवता अंदाजी नफा दाखवून विवरणपत्र भरता येतं: रोखीच्या उलाढालीवर किमान ८ टक्के, बँकेतून आलेल्यावर किमान ६ टक्के. पण ते किमान आहे. ज्याची उलाढाल सगळी मजुरीचीच आहे त्याचा खरा नफा याहून कितीतरी जास्त असतो. तो कमी दाखवला तर अपघातानंतर तीच लहान रक्कम तुमचं उत्पन्न म्हणून धरली जाते. जे कमावता ते दाखवा.

विवरणपत्र नसेल तर बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट, यूपीआयवर आलेले पैसे, नेहमीच्या ठेकेदाराचं लेखी पत्र, गिऱ्हाइकांना दिलेली बिलं, उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिच्यासाठी कोणी हजार रुपये मागत असेल तर देऊ नका. आमच्याकडे मिस्टरांची कामाची डायरी होती: तारीख, कोणाचं घर, किती पॉइंट काढले, किती पैसे आले, किती बाकी. तिच्यातल्या रकमा बँकेत जमा झालेल्या रकमांशी जुळत होत्या, म्हणून तिला वजन आलं. नुसती वही कोणी मानत नाही, वही आणि पासबुक शेजारी ठेवलं की मानतात.

एक गुंता लक्षात असू द्या. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला सवलतीसाठी लागतो आणि तो कमी असावा असं वाटतं. विम्यासाठी उत्पन्न जास्त असावं असं वाटतं. दोन्हीकडे एकच खरा आकडा द्या. दोन कागदांवर दोन आकडे आले की दोन्ही कागद निकामी होतात.

६. अपघात रस्त्यावर झाला असेल तर

इथे हक्क जास्त आहेत आणि मुदतीही कडक आहेत.

– २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी पहिल्या ७ दिवसांत दीड लाखांपर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे. दवाखान्यात विचारा.
– दुसऱ्या गाडीची चूक असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करता येतो. त्यात दवाखाना, बुडालेली कमाई आणि पुढे कमी होणारी कमाई, सगळं मागता येतं. मुदत अपघातापासून ६ महिने. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो.
– गाडी ठोकून पळून गेली आणि सापडली नाही, तर गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे. कायद्यात हाड मोडणं ही गंभीर दुखापतच आहे, त्यामुळे ‘एवढ्याशा फ्रॅक्चरला काय मिळणार’ म्हणून सोडू नका.
– स्वतःच्या गाडीच्या विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचा अपघात विमा असतो. तो मृत्यू आणि अवयव कायमचा गेल्यास मिळतो, फ्रॅक्चरला नाही.

दवाखान्यातच येऊन ‘सगळं मी बघतो, मिळेल त्यातले इतके टक्के द्या’ म्हणणाऱ्याला कोऱ्या कागदावर सही देऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो. महिला आणि दिव्यांगांना तर उत्पन्नाची अटही नाही.

७. अपघात नाही, आजार आहे

मन कठोर करून लिहावं लागतं: आजारपणामुळे बुडालेल्या कमाईसाठी आपल्याकडे फार थोडं आहे. अपघात विमा आजाराला लागू होत नाही. उपचारांसाठी तिसरी पायरी पाहा, डायलिसिस आणि कर्करोगाचे उपचारही जन आरोग्य योजनेत आहेत. रोख पैसे मिळण्याचे मार्ग एवढेच:

टीबी असेल तर निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १ हजार रुपये बँक खात्यावर येतात. सरकारी केंद्रात नोंद आणि खात्याचा नंबर दिला का ते पाहा. खासगी डॉक्टरकडे उपचार चालू असले तरी नोंद होते.

‘हॉस्पिटल कॅश’ पॉलिसी असेल तर भरती असलेल्या दर दिवसाला ठरलेली रक्कम मिळते, बिल कितीही असो. ‘क्रिटिकल इलनेस’ पॉलिसी असेल तर यादीतल्या आजाराचं निदान झाल्यावर एकरकमी. या दोन्हींना सुरुवातीचा थांबण्याचा काळ असतो, त्यामुळे आजार झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

आणि संजय गांधी निराधार योजना. कर्करोग, पक्षाघात, टीबी, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांमुळे जो कमवू शकत नाही त्याला महिन्याला १५०० रुपये, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २५०० रुपये. वय ६५ च्या आत हवं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांपर्यंत, दिव्यांगांसाठी ५० हजारांपर्यंत. अर्ज तहसीलमध्ये. ही उत्पन्नाची अट इतकी खाली आहे की चालू धंदा असलेली बहुतेक घरं बाहेर राहतात. तरी आजार लांबला आणि कमाई खरोखर शून्यावर आली तर नवा दाखला काढून अर्ज करा.

८. कायमचं अपंगत्व राहिलं तर

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच बहुतेक सवलती लागू होतात. हाड जुळण्याची वाट पाहून, डॉक्टर ‘आता यापुढे सुधारणा नाही’ म्हणाल्यावर जा.

बांधकामावर वायरिंग, प्लंबिंग, रंगकाम, फरशी करणारे लक्ष द्या: इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात तुमची नोंदणी होऊ शकते. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा ठेकेदाराचा किंवा स्थानिक संस्थेचा दाखला लागतो. ७५ टक्के किंवा जास्त कायमच्या अपंगत्वाला २ लाख आणि गंभीर आजाराच्या उपचाराला १ लाखापर्यंत मदत आहे. पण नोंदणी जिवंत हवी. नूतनीकरण राहिलेली पावती दाखवून काही मिळत नाही.

घरात सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजना विसरू नका. एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख, दोन गेले तर २ लाख. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत अर्ज.

९. हप्ते थकायच्या आधी बँकेत जा

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं थकीत कर्ज, धरलं जातं आणि मग शाखेतल्या माणसाच्या हातात फार काही राहत नाही. म्हणून पहिलाच हप्ता चुकायच्या बेतात असताना लेखी अर्ज द्या: अपघाताची तारीख, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स, काम कधी सुरू होईल असं डॉक्टर सांगतात, आणि तोपर्यंत फक्त व्याज भरू देण्याची किंवा मुदत वाढवण्याची विनंती. अर्जावर पोच घ्या. पतसंस्था आणि बचतगट बहुधा जास्त ऐकून घेतात, पण त्यांनाही आधी सांगितलेलं हवं असतं. कर्जासोबत विमा काढला होता का, हेही त्याच वेळी विचारा. हप्ता तुम्हीच भरलेला असतो आणि त्याचा कागद मात्र बँकेच्या कपाटात असतो.

१०. दावा नाकारला किंवा कापला तर

नकार लेखी आणि पॉलिसीच्या कलमासह मागा. फोनवरचा नकार हा नकार धरू नका. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे ईमेल करा, सोबत विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायचं. तक्रार साध्या मराठीत, तारखांच्या क्रमानं, एका पानात लिहा.

आमच्या बाबतीत कंपनीनं दोन सर्टिफिकेटांमधल्या दिवसांवर बोट ठेवून काही आठवडे कापले होते. त्या मधल्या दिवसांतला ओपीडीचा कागद आणि तारीख असलेला एक्स-रे जोडून अर्ज केला, तेव्हा ते आठवडे मान्य झाले. म्हणून सांगते, ओपीडीचा चिटोराही टाकू नका.

११. ज्यांचं अजून सगळं नीट चालू आहे त्यांनी या महिन्यात करायचं

बँकेत जाऊन २० रुपयांचा सुरक्षा विमा चालू आहे का ते पासबुकवर पाहा. वर्ष १ जून ते ३१ मे असतं, मे अखेर खात्यात पैसे नसले तर विमा तुटतो. रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं चढवा. उद्यम नोंदणी करा. बांधकामावर असाल तर मंडळाची नोंदणी, रिक्षा-टॅक्सी चालवत असाल तर राज्याच्या त्यासाठीच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी. या सगळ्यानंतर जे पैसे बाजूला काढता येतील त्यातून टीटीडीचं कलम असलेला वैयक्तिक अपघात विमा घ्या, आणि एजंटला एकच प्रश्न लेखी विचारा: माझा पाय मोडून मी तीन महिने घरी बसलो तर आठवड्याला किती आणि कितव्या दिवसापासून? उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तरी चालेल, पण पॉलिसी हातात आल्यावर तो आकडा तिच्यात छापलेला आहे का ते ताडून पाहा. नसेल तर नवी पॉलिसी परत करायला ठरावीक दिवस दिलेले असतात, ते पॉलिसीच्या पहिल्या पानांत लिहिलेले असतात. त्या दिवसांत परत करा.